पिशवी कमरेच्या खाली

लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही दवाखान्यात नेमकं काय करता?" तर मी "सिस्टर आहे" एवढंच सांगून पानातल्या शेंगाचटणीकडे वळायची. खरं सांगितलं असतं तर अर्धी पंगत उठली असती. ऑपरेशन झालेल्या माणसाची लघवी नीट वाहते आहे ना, कुठल्या रंगाची येते आहे, नळी ओढली जात नाही ना, हे बघण्यात माझी बहुतेक सगळी नोकरी गेली. आता निवृत्त झाले आहे, आणि दिवाळी अंक कुणी जेवताना वाचत नसावं अशी आशा आहे, म्हणून एकदा मोकळेपणानं लिहिते.

सोलापुरातलं आमचं हॉस्पिटल फार मोठं नव्हतं. मूत्रविकारांची ऑपरेशनं जास्त होत. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, पार सीमेपलीकडच्या कानडी गावांतूनही पेशंट येत. मुतखड्याचे तरुण असत आणि प्रोस्टेटचे म्हातारे असत. आमचे सर्जन, ज्यांना सगळं हॉस्पिटल मोठे सर म्हणायचं, ते हाताचे फार हलके. ऑपरेशन थोड्या वेळात उरकायचं. त्यानंतर पेशंट आमच्या वॉर्डात यायचा आणि त्याच्याबरोबर यायची ती नळी.

ज्यांनी कॅथेटर पाहिलेला नाही (देव करो आणि पाहावा न लागो) त्यांच्यासाठी सांगते. ही एक मऊ नळी असते. लघवीच्या वाटेनं ती मूत्राशयापर्यंत घालतात. आतल्या टोकाला एक इवलासा फुगा असतो, तो सिरिंजनं पाणी भरून फुगवला की नळी निसटत नाही. बाहेरच्या टोकाला पिशवी. ऑपरेशननंतर लघवीची वाट सुजलेली असते, रक्त येत असतं, ते साचून गाठी होऊ नयेत म्हणून ही सोय. पण देवानं जी वाट फक्त बाहेर जायला ठेवली आहे, तिथून आपण आत जायचा रस्ता करून ठेवलेला असतो. त्या रस्त्यानं जंतू वर चढतात. नळी जितकी जास्त राहील तितका धोका जास्त.

म्हणून माझे काही हट्ट होते. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचे, मग तो सरांचा हात असो की सफाईच्या मावशीचा. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडायचा नाही. नळी मांडीला चिकटपट्टीनं धरून ठेवायची, म्हणजे कूस बदलताना आत ओढ बसत नाही. सकाळ-संध्याकाळ साबणपाण्यानं जागा धुवायची. पिशवी रिकामी करायचा प्लॅस्टिकचा मग प्रत्येकाचा वेगळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. वॉर्डात मला पाठीमागे 'नळीवाली बाई' म्हणत हे मला माहीत होतं. म्हणू देत.

सरांच्या राउंडला मी रोज विचारायची, "सर, ह्यांची नळी अजून कशासाठी?"

"सिस्टर, तुमचं त्या नळीशी काय वैर आहे हो?"

"वैर नाही सर. तिचं काम झालं असेल तर जाऊ दे तिला."

पुढे पुढे मी तोंड उघडायच्या आतच सर म्हणायचे, "हो हो, आज काढा." माझ्या नोकरीतली ही मोठी कमाई मी समजते.

दुखण्याचंही सांगायला हवं. कॅथेटर असलेला माणूस सारखा म्हणतो, "मला लघवीला लागली, सोडा." आपण सांगतो, नळी आहे, आपोआप जाते. त्याला ते पटत नाही, कारण तो फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेला असतो आणि शरीराला वाटतं की मूत्राशय भरलं. मग माणूस कुंथतो, कळ येते, घाबरतो, आणखी कुंथतो. नातेवाईक ओरडतात, "नाटकं करू नका." ती नाटकं नसतात. त्याला समजावून सांगायचं, जोर लावू नका, तोंडानं श्वास सोडा, कळ ओसरेल. नळीला कुठे पीळ पडलाय का बघायचं. अर्धं दुखणं तिथंच कमी होतं.

आता पिशवीचं. सलाईनची बाटली उंच टांगतात हे लोकांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे लघवीची पिशवीही खिडकीच्या खिळ्याला उंच अडकवून "जमिनीवर नको म्हनून वर ठिवली सिस्टर" असं अभिमानानं सांगणारे जावई मी पाहिले आहेत. उंच टांगली की आतलं पाणी नळीतून परत माणसाच्या पोटात उतरतं, त्याच्याबरोबर पिशवीतली घाणही. पण उंच टांगणारे कमी. आमच्याकडची नेहमीची चूक वेगळी होती. पेशंटला भेटायला माणसं आली की घरचे पिशवी उचलून पलंगावर ठेवायचे आणि वरून चादर ओढायचे. आमच्या गावची चादर म्हणजे चांगली जाड, तिच्याखाली काय आहे ते कुणाला दिसत नाही. पाहुण्यांसमोर लाज नको, एवढाच हेतू. आणि आमच्याकडे भेटायला येणारे एक-दोघं थोडेच असतात! भावकी, शेजारी, दुकानातली माणसं, सगळा गोतावळा शहाळी घेऊन येतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ होते. स्वभावानं गरीब, घरी तेलुगू बोलायचे, माझ्याशी मराठीत लाजत लाजत. मी रजेवर गावी गेले होते. त्यांच्याकडे पाहुण्यांची रीघ लागली होती आणि पिशवी दिवसभर चादरीखाली त्यांच्या पोटावर राहिली. मी परत आले तेव्हा त्यांना हुडहुडी भरून ताप चढला होता. जंतू रक्तात गेले होते. सरांनी सगळं केलं. ते वाचले नाहीत. त्यांची बायको ती चादर घडी घालून कापडी पिशवीत भरताना मला म्हणाली, "सिस्टर, मी झाकून ठेवलं होतं ना नीट." तिला मी काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? पण तेव्हापासून चादरीखाली हात घालून पिशवी शोधायची मला सवय लागली आणि नातेवाइकांवर ओरडायचीही.

गुरुसिद्धप्पा आले ते ऐन उन्हाळ्यात. बाजारात ज्वारीची आडत होती त्यांची, आता मुलगा मल्लिनाथ बघायचा. घरात कानडी, बाजारात मराठी. उंच, ताठ, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, लिंगायत बायका-पुरुष दोघंही अंगावर बाळगतात ते. सगळे त्यांना अप्पा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अव्वा, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. अव्वा बुटक्या, अंगानं बारीक, बोलायच्या कमी. अप्पांच्या मागे दोन पावलं चालायच्या.

ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढावं लागतं. अप्पा म्हणाले, "डबी काढा. लिंग अंगावरनं उतरनार न्हाई. मेलो तरी न्हाई." मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "बांधा दंडाला, माझं काम खाली आहे." मग लिंग स्वच्छ कापडात गुंडाळून त्यांच्या डाव्या दंडाला बांधलं आणि ते तसेच आत गेले. प्रोस्टेटचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पोटावर टाका नाही. सगळं व्यवस्थित पार पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी सांगितलं, "अप्पा, आता सलाईन बंद. तुमचं हृदय थोडं नाजूक आहे, शिरेतून जास्त पाणी दिलं तर छातीत साचेल. तेव्हा तोंडानं भरपूर पाणी प्यायचं. आत अजून रक्त येतंय, पाण्यानं ते धुऊन जायला हवं. नाही प्यालात तर गाठी होऊन नळी बंद पडेल."

"व्हय की," अप्पा म्हणाले.

दुपारपर्यंत भेटायला बाजारातली माणसं आली. मी शिरले तर पिशवी पलंगावर, वर चादर. मी सगळ्यांसमोर चादर बाजूला केली आणि पिशवी खाली अडकवली. मल्लिनाथला म्हटलं, "परत वर ठेवलीत तर भेटायला येणाऱ्यांना मी खालच्या गेटवरच अडवीन."

बाजारातली ती मोठी मोठी माणसं खिडकीबाहेर बघायला लागली. अप्पांनी डोळे मिटून घेतले. इतका वेळ ताठ असलेला माणूस उशीत खचल्यासारखा झाला. ती पिशवी, तिच्यातलं लाल पाणी, सगळ्या व्यापारी मंडळींसमोर. मला वाईट वाटलं. तरी पिशवी मी खालीच ठेवली.

तेव्हा माझं लक्ष पिशवीतल्या पाण्याकडे गेलं. सकाळी फिक्या कोकम सरबतासारखी असलेली लघवी गडद झाली होती आणि अगदी थोडी होती. मी विचारलं, "अप्पा, पाणी पिताय ना?"

"घेतोय की."

शेजारचा तांब्या अर्धा होता. भांडं ओलं होतं. आता मी पाण्याच्या तांब्याशी भांडणारी बाई नव्हे, पण पिशवी कधी खोटं बोलत नाही. मी अव्वांकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खाली बघितलं.

संध्याकाळच्या आत नळी बंद पडली. अप्पांचं ओटीपोट दगडासारखं झालं. घाम सुटला, पाय आखडले, आणि तो माणूस टॉवेल दातात धरून पडला होता, तोंडातून आवाज नाही. सर धावत आले. मोठ्या सिरिंजनं आत पाणी सोडून, ओढून, गाठी काढल्या. ते करताना होणारी कळ मी शब्दांत सांगू शकत नाही. मी त्यांचा हात धरला होता. माझी बोटं त्यांनी अशी आवळली की नंतर बराच वेळ ती वळत नव्हती.

सर बाहेर येऊन मल्लिनाथला म्हणाले, "परत बंद पडली तर परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागेल. परत भूल द्यावी लागेल. त्यांच्या हृदयाला ती झेपेलच असं मी सांगू शकत नाही. पाणी का पीत नाहीत ते?"

मल्लिनाथ आत जाऊन वडिलांवर चिडला. "मरायचंय का तुमाला? एवढं पानी प्यायला काय हुतंय?" अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी अव्वांना बाजूला व्हरांड्यात घेतलं. "अव्वा, तुम्हाला माहीत आहे. सांगा मला."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "पूजा झाली न्हाय सिस्टर."

"कसली पूजा?"

"लिंगपूजा. आंघोळ करून पूजा झाल्याबिगर हे पानी घेत न्हाईत. लगीन झाल्यापास्नं मी बघती. ताप असू दे, गावाला असू दे. ऑपरेशनच्या दिवशी पहाटं घरात करून आलेले. आज झाली न्हाय. मल्लू बाहेर गेला की भांड्यातलं पानी मोरीत वतायला लावतात मला."

मला एकदम हलकं वाटलं. एवढंच ना! मी आत जाऊन म्हटलं, "अप्पा, पूजा इथं करा. खुर्ची देते, पाणी देते, पडदा लावते. कुणी येणार नाही."

अप्पा पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलले. "असल्या अंगानं? कमरेला मुताची पिशवी बांधून लिंग हातात घिऊ? सिस्टर, तुमी तुमचं काम करा."

मी पुष्कळ बोलले. मी म्हटलं, पिशवी म्हणजे शरीराचाच भाग समजा. मी म्हटलं, देव समजून घेईल. मल्लिनाथनं त्यांच्या मठातल्या स्वामींना फोन लावू का विचारलं. अप्पा म्हणाले, "असली गोष्ट सांगायला त्यांना फोन करतोस?" मुलानं फोन खिशात ठेवला. माझ्या सगळ्या कामात मी धुवायचं शिकले होते, बांधायचं शिकले होते, पण जो माणूस स्वतःलाच अपवित्र समजून तहानेनं पडून राहिलाय त्याचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पिशवीत पुन्हा गडद थेंब यायला लागले होते. मी नळी बोटांत धरून उभी राहिले.

तेवढ्यात अव्वा पलंगाच्या पायथ्याशी आल्या. इतका वेळ त्या मागे होत्या, आता समोर उभ्या राहिल्या. आवाज मोठा नव्हता.

"थोरल्याच्या येळी मी बाळंतीण होते," त्या म्हणाल्या. "अंगावर रगत जात होतं. तुमच्या आईनी मला मागल्या खोलीत बसवलं. लिंगाला हात लावायचा न्हाई म्हनल्या. मी रडत बसले. तवा तुमी काय म्हनला होता?"

अप्पांनी मान अव्वांकडे वळवली.

"तुमी म्हनला, जिच्या अंगावर लिंग हाय तिला इटाळ कसला? आईच्या तोंडावर म्हनला. बेल तुमीच आनून दिला मला. हातात पानी तुमीच वतलं. त्या दिसापास्नं तुमच्या घरात कुठल्या बाईची पूजा चुकली न्हाई." त्यांनी पलंगाची दांडी धरली. "मग बाईच्या रगताला इटाळ न्हाई, आन तुमच्या मुताला हाय व्हय? का तवा खोटं बोलला माझ्याशी?"

मल्लिनाथ दाराशी उभा होता, तो बाहेर निघून गेला.  अप्पांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. मग ते म्हणाले, "नीर तगोंड बा." नीर म्हणजे पाणी, तगोंड बा म्हणजे घेऊन ये, एवढं कानडी सोलापुरात राहून कुणालाही येतं. अव्वांनी तांब्या उचलला, तर म्हणाले, "प्यायला न्हाई. आंघोळीला."

न्हाणीघरात स्टूल ठेवलं. पिशवी स्टुलाच्या खालच्या दांडीला अडकवली, जोड सोडला नाही. अव्वांनी खांद्यावरून पाणी घातलं. पुढचं काम माझं होतं. नळी जिथं शरीरात शिरते तिथं साबणपाण्यानं हलकेच धुवायचं, आतून बाहेरच्या दिशेनं, खसाखसा नाही. मग नळीही त्याच दिशेनं पुसून घ्यायची. अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

"पोटच्या पोरीनं करू नये असलं काम," ते म्हणाले.

"पोरगी असते तर लाडानं केलं असतं, म्हणजे चुकीचं केलं असतं," मी म्हटलं. "बोलू नका, पाय जरा बाजूला घ्या."

ते हसले की काय माहीत नाही, खांदे हलल्यासारखे वाटले.

पडदा लावला. खुर्चीत बसून त्यांनी कपाळाला भस्म लावलं. अव्वांनी दंडावरचं कापड सोडलं. डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं आणि उजव्या हातानं पाणी घातलं. अव्वांच्या बटव्यात बेलाची पानं होती, सुकलेली, कधी लागतील म्हणून आणलेली. मी पडद्याबाहेर उभी होते, पण खालून मला खुर्चीचे पाय दिसत होते आणि दांडीला अडकवलेली पिशवी दिसत होती. लिंग डोळ्यांसमोर आणि पिशवी कमरेच्या खाली. माझा नियम कुठंही मोडला नव्हता.

तीर्थ घेऊन झाल्यावर अप्पांनी पाणी मागितलं. मग आणखी मागितलं. अव्वा भांडी भरत होत्या आणि ते पीत होते, मान मागे टाकून, उन्हातून चालून आलेला माणूस पितो तसं. पिशवीतला रंग हळूहळू फिका होत गेला. मी तिथं उभं राहून ते बघितलं, आणि मला रडू आलं हे लिहायला मी लाजत नाही.

नंतरच्या दिवसांत रोज सकाळी तसंच झालं. नळी धुणं त्यांच्या आंघोळीतच बसून गेलं, मला आठवण करून द्यावी लागली नाही. ताप आला नाही. नळी पुन्हा बंद पडली नाही. आणि मी नव्या पेशंटला पथ्यपाणी विचारताना आणखी एक प्रश्न विचारायला लागले: सकाळी पाणी तोंडाला लावायच्या आधी तुमच्याकडे काय असतं? कुणी म्हणायचं सूर्याला अर्घ्य, कुणाचा रोजा असायचा, एका आजीबाईंचं कोंबड्यांना दाणे टाकायचं असायचं. विचारलं की लोक सांगतात. आपण विचारत नाही.

नळी काढायच्या दिवशी मी अप्पांना सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. फुग्यातलं पाणी सिरिंजनं काढून घ्यायचं, मग म्हणायचं, "मोठा श्वास घ्या, आणि हळू सोडा." माणूस श्वास सोडतो तेव्हा अंग सैल पडतं, त्याच क्षणी नळी अलगद बाहेर घ्यायची. ओढायची नाही.

"मोठा श्वास घ्या, अप्पा."

त्यांनी घेतला. सोडला. नळी आली. "झालं?" ते म्हणाले.

नंतर वाट बघायची असते, माणसाला स्वतःहून लघवी होते का याची. अप्पा संडासात गेले, अव्वा दाराबाहेर कान लावून उभ्या राहिल्या. आतून आवाज आला तसे अव्वांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यांनाच माहीत. अप्पा बाहेर येऊन म्हणाले, "पिशवीची सवय लागली होती की." वॉर्डातले सगळे हसले.

मी निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं गेली. मल्लिनाथचा फोन आला. अप्पांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, लघवी अडत होती म्हणून डॉक्टरांनी कॅथेटर ठेवला होता. हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. "अव्वा म्हणते सिस्टरना एकदा बघून जायला सांग."

बाळीवेशीतल्या त्यांच्या घरी मी गेले. खरं सांगायचं तर मनाची तयारी करून गेले. घरी ठेवलेल्या कॅथेटरची काय दशा होते ते मी आयुष्यभर पाहिलं होतं. खोलीत शिरल्यावर सवयीनं माझी नजर आधी पलंगाखाली गेली. पिशवी खालच्या दांडीला, जमिनीपासून वर. ती रिकामी करायचा प्लॅस्टिकचा मग वेगळा, झाकण घातलेला. नळी मांडीला मऊ पट्टीनं धरलेली, कुठे ओढ नाही, पीळ नाही. जागा स्वच्छ, कोरडी. कोपऱ्यात साबण आणि हात पुसायचं धुतलेलं फडकं. चादर पायाशी दुमडून ठेवली होती, पिशवी समोर दिसत होती.

"झाकत न्हाई मी," अव्वा म्हणाल्या. "येनाऱ्याला बघू दे की."

मी खूप शोधलं. चूक काढल्याशिवाय वॉर्डातून बाहेर न पडणारी बाई मी. काही सापडलं नाही.

पूजेची वेळ होती. उशा लावून अप्पांना बसतं केलं. डावा हात चालत होता, त्या तळहातावर अव्वांनी लिंग ठेवलं. उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. त्याच्या जागी अव्वांचा उजवा हात पुढे आला. त्या हातानं पाणी घातलं, भस्म लावलं, बेल वाहिला. मग चमच्यानं तीर्थ त्यांच्या ओठांना लावलं. अप्पा अव्वांकडे बघत होते.

काही महिन्यांनी एका सकाळी पुन्हा फोन आला. मल्लिनाथला बोलता येत नव्हतं. "सिस्टर, अप्पा गेले. आंघोळ घालायच्या आधी नळी काढायला पायजे. अव्वा म्हणते तुमीच यायचं, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

मी सिरिंज आणि हातमोजे घेऊन गेले. घर माणसांनी भरलं होतं. खोलीत आम्ही दोघीच राहिलो. आता कसले जंतू आणि कसलं काय, तरी मी साबणानं हात नीट धुतले. अव्वांनी टॉवेल पुढे केला. फुग्यातलं पाणी काढून घेतलं. नळी बोटांत धरली. त्यांना आता दुखणार नव्हतं. पण हाताला दुसरं काही येत नव्हतं, आणि तोंडालाही नाही.

"मोठा श्वास घ्या, अप्पा," मी म्हणाले.

म्हटल्यावर मी जागच्या जागी थिजले. वर बघायची हिंमत होईना. अव्वांचा हात माझ्या पाठीवर आला.

"तुमीच घ्या आता, सिस्टर," त्या म्हणाल्या.

मी घेतला. हळू सोडला. नळी अलगद बाहेर आली.